१६५ ची स्लालम की १८३ ची जीएस? पिस्टवरच्या कार्व्हिंग स्की कशा निवडायच्या

कोणत्या कार्व्हिंग स्की, म्हणजे न घासता कडेवर वळण कापणाऱ्या स्की, घ्याव्यात असं तुम्ही विचारलंत. तुमची माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुक्काम म्युनिक, वजन ८२ किलो, उंची १७७ सेंटिमीटर. स्कीइंग जवळजवळ सगळं ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, स्कीवेल्ट आणि त्सिलरटाल, तेही फक्त पिस्टवर, म्हणजे मशीनने सपाट केलेल्या आखीव उतारांवर. लाल (मध्यम) उतार सहज जमतात, काळे (सर्वांत अवघड) बहुतेक जमतात. आजवर भाड्याच्या, ८२ मिलिमीटर कंबरेच्या (मधल्या अरुंद भागाची रुंदी) ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालणाऱ्या स्की वापरल्या. दुकानदार म्हणतो १६५ सेंटिमीटरची स्लालम (लहान वळणांची) घ्या, मित्र म्हणतो १८३ ची जीएस (जायंट स्लालम, मोठ्या वळणांची) घे. फोनमधलं अ‍ॅप ताशी ७८ किलोमीटर कमाल वेग दाखवतं, म्हणून तुमचा कल मित्राकडे आहे. बजेट बाइंडिंगसकट (बूट स्कीला धरणारा खटका) १,००० युरो.

माझ्या मते दोन्ही नकोत. लांबी १७० च्या आसपास, वळणाची त्रिज्या १४ ते १५ मीटर, कंबर ६८ ते ७० मिलिमीटर, आत टायटानल या धातूचे दोन थर, पण बाइंडिंगखाली रेसची जड प्लेट नको. हे का, ते खाली लिहितो. दुकानदार कधी बरोबर ठरेल आणि मित्र कधी, तेही त्यातच येईल.

स्कीवर १२०-६८-१०३ असे तीन आकडे छापलेले असतात: पुढची रुंदी, कंबर आणि शेपटाची रुंदी. शेजारी त्रिज्या असते. पुढची आणि मागची रुंदी मिळवा, त्यातून कंबरेची दुप्पट वजा करा आणि चाराने भागा. स्कीची कड मध्यभागी किती आत गेलेली आहे ते निघतं. या उदाहरणात पावणेबावीस मिलिमीटर. १६५ सेंटिमीटरच्या स्कीला एवढी खोली असली की त्रिज्या साडेबारा मीटरच्या आसपास येते. खोली चार मिलिमीटरने कमी केली तर त्याच लांबीत ती पंधराच्या घरात जाते. म्हणजे दुकानात हातात घेऊन ज्या दोन स्की सारख्याच वाटतात, त्यांच्यातला सगळा फरक या चार मिलिमीटरमध्ये असू शकतो. त्रिज्या प्रत्येक लांबीला वेगळी असते हेही लक्षात ठेवा. एकच मॉडेल १७० मध्ये १४ मीटरचं आणि १८० मध्ये १६ मीटरचं असतं. जाहिरातीत मात्र एकच आकडा मोठ्या अक्षरात दिलेला असतो.

छापलेली त्रिज्या म्हणजे स्की सपाट पडलेली असतानाचा कडेचा वाक. ती कलवली की वळण लहान होतं. ४५ अंश कलवली तर १३ मीटरची स्की साधारण ९ मीटरचं वळण कापते, ६० अंशांना साडेसहा मीटरचं. १८ मीटरची स्की त्याच कोनांना पावणेतेरा आणि ९ मीटर. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. याच्या पुढची गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत, आणि निवड खरी तिच्यावरच व्हायला हवी.

वेग वाढला की शरीर जास्त आत झुकवावं लागतं. शरीर झुकलं की स्कीही तेवढी कलली पाहिजे, नाहीतर कड सुटते. पण स्की जास्त कलली की वळण आणखी लहान होतं, त्यामुळे बाहेर फेकणारं बल वाढतं आणि आणखी झुकावं लागतं. हे चक्र एका वेगाच्या पुढे मिटतच नाही. हिशेब सोपा आहे: सेकंदाला मीटरमध्ये मोजलेल्या वेगाचा वर्ग हा त्रिज्या गुणिले ९.८ याच्या आत राहिला पाहिजे. त्यातून येणारी मर्यादा अशी: १३ मीटरच्या स्कीला ताशी ४० किलोमीटर, १५ मीटरला सुमारे ४४, १८ मीटरला ४८, २३ मीटरला ५४, आणि पुरुषांच्या वर्ल्ड कप जीएसच्या ३० मीटरच्या स्कीला ६२. हे सपाटीवरच्या स्थिर वळणाचं गणित आहे. प्रत्यक्षात उताराचा कोन, बर्फात रुतलेली कड आणि वळण अर्ध्यात सोडण्याची सवय यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण क्रम आणि अंतर खरं आहे. स्लालम स्की ५५ च्या वेगात 'नर्व्हस' होते, थरथरते, अचानक आत ओढते असं लोक म्हणतात. त्यात स्कीचा दोष नसतो. त्या वेगाला तिच्या साइडकटमध्ये (कडेच्या आतल्या वाकात) बसणारं स्वच्छ वळणच उरलेलं नसतं. मग तुम्ही नकळत शेपूट घासत जाता आणि दोष कडेच्या धारेला देता.

तुमचे ७८ किलोमीटर यात कुठेच बसत नाहीत, कारण ते लिफ्टकडे जाताना सरळ सोडलेल्या शेवटच्या पट्ट्यातले आहेत. निवडीसाठी लागतो तो लागोपाठ वळणं घेतानाचा वेग. अ‍ॅपमधला ट्रॅक उघडा, एखाद्या लाल उताराचा मधला भाग निवडा आणि तिथला सरासरी वेग बघा. भाड्याच्या स्कीवर नीट स्कीइंग करणाऱ्या बहुतेकांचा आकडा ३५ ते ४५ च्या मध्ये निघतो. तुमचाही तिथेच असेल, तर १८३ ची जीएस तुम्हाला दिवसभर अर्धवट झोपलेली वाटेल. ती जागी होते ती साधारण ४५ च्या पुढे, आणि तेव्हा तिला जागाही लागते. ४५ अंशांना १८ मीटरची स्की डाव्या-उजव्या पूर्ण वळणांच्या एका जोडीत २५ मीटरच्या वर रुंदी खाते. सकाळी नऊला रिकाम्या पिस्टवर हे ठीक आहे. अकरा वाजता, तीस मीटर रुंद उतारावर, मधोमध मुलांचं स्की स्कूल रांगेत चाललेलं असताना, तुमच्याकडे एकच उपाय उरतो: घासणं. एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघ) दहा नियमांप्रमाणे मागून येणाऱ्यानेच पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा असतो, त्यामुळे हा फक्त मजेचा प्रश्न नाही.

वेगाइतकाच पुरावा मागे राहिलेल्या खुणांत असतो. सकाळी पहिल्या लिफ्टने वर जा, कॉर्डुरॉय, म्हणजे मशीनने उमटवलेल्या रेघोट्या, अजून शाबूत असताना मध्यम उतारावर आठ-दहा वळणं घ्या, थांबा आणि बाजूने वर चालत जाऊन स्वतःच्या खुणा जवळून बघा. स्वच्छ कार्व्ह असेल तिथे दोन बारीक, समांतर चिरा दिसतात, बोटभर रुंद, आतली बाजू तिरकी कापलेली आणि रेघोट्या अबाधित. घासलं असेल तिथे रेघोट्या पुसून पंख्यासारखा पसरलेला पट्टा दिसतो. बहुतेक चांगल्या स्कीअरच्या खुणांमध्ये वळणाचा पहिला एक-तृतीयांश भाग पुसलेला आणि उरलेला स्वच्छ असतो. म्हणजे कड उशिरा लागते, उताराच्या रेषेच्या खाली आल्यावर. अशा माणसाला लहान त्रिज्येची स्की लगेच गोड वाटते, कारण ती उशीर झाकून घेते. लांब त्रिज्येची स्की तोच उशीर उघडा पाडते. शिकायचं असेल तर दोन्हींच्या मधली बरी: उशीर जाणवून देते, पण त्याची शिक्षा करत नाही. खुणा पाहताना बाहेरची चीर आतल्या चिरेपेक्षा खोल आहे का तेही बघा. दोन्ही सारख्याच खोल असतील तर वजन आतल्या पायावर राहतंय, आणि ते कुठलीही नवी स्की सुधारणार नाही.

आता बाजारात काय असतं ते. दुकानातल्या स्लालम स्की १५५ ते १७० लांबीच्या, कंबर ६६ ते ६८, त्रिज्या १२ ते १३. अ‍ॅटॉमिक रेडस्टर एस९, रोसिन्योल हिरो एलिट एसटी, फोल्कल रेसटायगर एसएल, श्टॉकली लेझर एसएल ही त्यातली ओळखीची नावं. दुकानातल्या जीएस स्की १७५ ते १८३, त्रिज्या १७ ते १९: रेडस्टर जी९, हिरो एलिट एलटी, रेसटायगर जीएस. या दोघांच्या मध्ये एक वर्ग आहे ज्याला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. १६८ ते १७६ लांबी, १४ ते १६ मीटर, कंबर ६६ ते ७२. हेड ई-स्पीड, अ‍ॅटॉमिक रेडस्टर एक्स९, फिशरची द कर्व्ह, श्टॉकलीच्या लेझर एससी आणि सीएक्स. तुमची स्की या वर्गात आहे. नावं आणि रंग दर हंगामाला बदलतात, म्हणून दुकानात नाव विसरा आणि आकडे वाचा.

एफआयएसच्या खऱ्या रेस स्कीचा मोह टाळा, मग ती कितीही स्वस्त मिळाली तरी. पुरुषांची स्लालम १६५ चीच असते, दिसते तशीच, पण वाकवायला कितीतरी जास्त बल मागते, तिच्या कडा पातळ असतात आणि पाण्याचा फवारा मारून गोठवलेल्या ट्रॅकसाठी ती बांधलेली असते. मऊ बर्फात ती वाकत नाही आणि न वाकलेली स्की वळत नाही. जीएसची १९३ ची, ३० मीटरची तर गेट (शर्यतीत वळणं ठरवणारे खांब) नसलेल्या सार्वजनिक पिस्टवर सरळ धोकादायक आहे. मास्टर्स म्हणून मिळणारी २३ ते २५ मीटरची स्की त्यामानाने माणसाळलेली असते. रुंद, रिकाम्या उतारांवर सकाळी दोन तास जोरात स्कीइंग करून घरी जाणाऱ्या, ९० किलोच्या आसपासच्या माणसाला ती शोभते. तुमचा मित्र तसा असेल तर त्याचा सल्ला स्वतःपुरता बरोबर आहे.

लांबीबद्दल एकच गैरसमज, पण तो फार पसरलेला आहे: छोटी स्की सोपी. नवख्याला सोपी, तुम्हाला नाही. ४५ अंश झुकलेल्या वळणात पायांवर वजनाच्या १.४ पट भार येतो, ६० अंशांना दुप्पट. ८२ किलोच्या माणसाच्या बाहेरच्या पायावर तेव्हा दीडशे किलोच्या वर भार असतो. १६० ची मऊ स्की एवढ्या भाराखाली ठरवल्यापेक्षा जास्त वाकते, मधेच शेपूट सोडते आणि पुन्हा पकडते. पुन्हा पकडते तेव्हा माणूस बाहेरच्या बाजूला उडतो. म्हणून लांबी वजनावर आणि वेगावर ठरवा, उंची नंतर बघा. ७० किलोच्या आत १६५, ७० ते ८५ ला १७० च्या आसपास, त्यावर १७५, असा मधल्या वर्गासाठी ढोबळ अंदाज. दुकानातल्या स्लालमला हे लागू नाही. ती कडक असते आणि १६५ वर ९० किलोचा माणूसही चालतो. स्त्रियांसाठी मधल्या वर्गात १६० ते १६७, स्लालममध्ये १५५ ते १६०. फक्त 'लेडीज' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलमध्ये टायटानलचा एक थर काढलेला असतो. चांगलं स्कीइंग करणारीने ते नीट विचारून घ्यावं आणि गरज पडल्यास पुरुषांचंच मॉडेल छोट्या लांबीत घ्यावं.

कंबरेचं कारण साधं आहे. घट्ट बर्फावर कड पायाच्या मध्यरेषेपासून जितकी दूर, तितका गुडघ्याला पीळ जास्त आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ जास्त. ८२ वरून ६८ वर आलात की पहिल्याच दिवशी वळणं आपोआप जुळल्यासारखी वाटतील. उलट बाजूला, दुपारी दोननंतर बर्फाचे ढीग झाले की ६६ ची स्की त्यात अडकते आणि ७२ ची थोडी वरून जाते. ज्यांना दिवसभर, मार्चमध्येही, लिफ्ट बंद होईपर्यंत स्कीइंग करायचं असतं त्यांनी ७२ ते ७६ बघावं. फोल्कल डीकन किंवा ब्लिझर्ड थंडरबर्ड त्या जातीच्या आहेत. त्याहून रुंद स्की पिस्टसाठी घेण्यात अर्थ नाही. फार अरुंद घेतली तर वेगळीच अडचण येते. खूप झुकल्यावर, साधारण ६० ते ६५ अंशांच्या पुढे, बुटाची बाजू बर्फाला टेकते, कड उचलली जाते आणि तुम्ही क्षणात पाठीवर. बाइंडिंगखालची प्लेट बूट वर उचलते ती यासाठीही.

टायटानलबद्दल थोडं विषयांतर, कारण स्कीवर 'टीआय' लिहून त्याचे शंभर-दीडशे युरो जास्त घेतले जातात. नावात टायटॅनियम वाटतं, पण हा ऑस्ट्रियात बनणारा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्यात जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं असतं, टायटॅनियम नसतं. त्याचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पत्रे लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली चिकटवतात. फायदा दोन गोष्टींचा: स्की पिळाला ताठ राहते, म्हणून टोकापासून शेपटापर्यंत कड एकाच कोनात पकडते, आणि घट्ट, खडबडीत बर्फावरची थरथर शोषली जाते. पूर्ण लांबीचे दोन थर हवेत. एकच थर किंवा फक्त बाइंडिंगखाली तुकडा असेल तरी स्टिकर तेच असतं, म्हणून विचारा. बाजूची भिंत उभी आणि सरळ हवी, वरून टोपीसारखं वळवलेलं कवच नको. हेडची ईएमसी, अ‍ॅटॉमिकची रेव्होशॉक असल्या थरथर कमी करण्याच्या युक्त्या काम करतात, पण त्यांच्यासाठी लांबी किंवा त्रिज्येशी तडजोड करू नका. टोक किंचित वर उचललेलं असलं तर वळणात शिरणं सोपं होतं. तो उचललेला भाग लांबीच्या दहा टक्क्यांपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर सपाट पिस्टवर तेवढी कड फुकट जाते.

प्लेटमध्ये लोक हमखास फसतात. एकच स्की दुकानात कधी दोन प्लेटसह येते, हलकी रुळवाली आणि जड रेसची. रेसची प्लेट मधला भाग कडक करते, वजन वाढवते आणि किंमतही. तिचा उपयोग होण्याइतकं बल तुम्ही लावत असाल तर खुणांत ते आधीच दिसेल. तुमच्या वजनाला आणि वेगाला हलकी घ्या. बाइंडिंग १२ पर्यंतच्या डिन मर्यादेचं पुरे (बूट किती बलाला सुटेल तो आकडा म्हणजे डिन). तुमची सेटिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून तक्त्यातून निघते. तो आकडा बाइंडिंगच्या मर्यादेच्या मधोमध पडायला हवा, टोकाला नाही. काळा उतार जमतो म्हणून डिन स्वतःहून वाढवणारे असतात. गुडघ्याचे अस्थिबंध त्याची किंमत मोजतात. बूट ग्रिपवॉक (चालायला सोप्या, वाकदार) तळव्याचे असतील तर बाइंडिंगवर तसा उल्लेख आहे का ते बघा. टाच आत बसल्यावरचा पुढचा दाब, म्हणजे हाउजिंगवरची खूण, दुकानदाराला तुमच्या समोर तपासायला लावा. रुळावर सरकणारं बाइंडिंग एक खाच चुकलं तरी बूट बसतो, आवाजही नीट येतो, पण सुटायच्या वेळी भरवसा राहत नाही.

बुटांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते भाड्याचे असतील तर हजारातले चारशे आधी तिकडे वळवा. अरुंद, कडक स्कीवर पाऊल बुटात पाच मिलिमीटर हललं तरी कड उशिरा लागते. आतली रुंदी ९८ ते १०० मिलिमीटर, फ्लेक्स (बुटाचा कडकपणा) ११० ते १२०. फ्लेक्सचे आकडे कंपन्यांमध्ये एकसारखे नसतात, त्यामुळे एका कंपनीचा ११० दुसऱ्याच्या १२० सारखा लागू शकतो. दुकानातल्या उबेत बूट मऊ वाटतो, उणे दहाला तोच दगड होतो.

धारेकडे मी किमतीइतकंच लक्ष देईन, कारण चांगली स्की वाईट धारेवर वाईटच वाटते आणि लोक स्की बदलतात. दोन कोन असतात. खालच्या बाजूचा, बेस बेव्हल, ०.५ ते १ अंश. बाजूचा ८७ किंवा ८८ अंश. तुम्हाला खाली ०.७ आणि बाजूला ८७ सांगा. खालचा कोन ठरवतो कड किती लवकर लागेल. बाजूचा ठरवतो लागल्यावर किती घट्ट धरेल. खालचा कोन १ च्या पुढे गेला तर स्की वळणात शिरायला आळशी होते आणि बर्फाळ तुकड्यावर सुटते. तो पुन्हा कमी करायचा तर सगळा तळ मशीनवर घासावा लागतो, म्हणून घरी त्या बाजूला कानस लावू नका. नव्या स्कीची फॅक्टरी धार सगळीकडे सारखी असतेच असं नाही. विकत घेतानाच दुकानात धातूची सरळ पट्टी तळावर आडवी धरून उजेडाकडे बघा. मधोमध फट दिसली तर तळ खोलगट आहे. अशी स्की सरळ जाताना कडांना अडकते आणि वळण संपलं तरी सुटत नाही. कडांपाशी फट दिसली तर तळ फुगलेला, स्की पोहते. दोन्ही ग्राइंडिंगने सुटतं, आणि नव्या स्कीला ते दुकानाने फुकट करून द्यावं असा आग्रह धरा.

घरी करायचं काम थोडंच आहे. प्रत्येक दिवसानंतर स्की पुसून कोरड्या करा, नखाची बाजू कडेवर आडवी फिरवा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. नख नुसतं घसरलं तर गेली. बोट कडेच्या लांबीत फिरवल्यावर कुठे खरखर लागली तर तो दगडावर आपटून झालेला बर, म्हणजे कडक झालेला उंचवटा. त्यावर थेट कानस मारली तर कानसच बोथट होते. ४०० च्या डायमंडला पाणी लावून, ८७ अंशांच्या गाइडमध्ये धरून, टोकाकडून शेपटाकडे तीन-चार हलके हात. उंचवटा गेला की पूर्ण लांबीत आणखी दोन. कानस लागते ती आठ-दहा दिवसांतून एकदा. मेण तीन ते पाच दिवसांनी. घट्ट कृत्रिम बर्फ तळ कडांजवळ आधी कोरडा करतो. तिथे पांढुरकी, बुरशीसारखी पट्टी दिसली की मेणाला उशीर झाला. इस्त्री पॅकेटवर लिहिलेल्या तापमानाला ठेवा आणि एका जागी थांबवू नका. मेण लावून निदान अर्धा तास थंड होऊ द्या, मग खरवडा, मग ब्रश.

घेण्याआधी चालवून बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिंटरटुक्स आणि श्टुबाईच्या हिमनद्यांवर स्की चाचणीसाठी मिळतात, हंगामात मोठ्या लिफ्टखालची दुकानंही रोज बदलून देतात आणि भाडं किमतीतून वजा करतात. तीनपेक्षा जास्त जोड्या एका दिवसात घेऊ नका, चौथीपर्यंत पाय थकतात आणि थकलेल्या पायांना मऊ स्की नेहमीच आवडते. प्रत्येक जोडीवर आधी नखाची परीक्षा, मग तोच उतार तीनदा. पहिल्या फेरीत सावकाश, मोठी वळणं, नुसतं गुडघे कलवून: स्की स्वतःहून शिरते की ढकलावी लागते? दुसऱ्या फेरीत लहान वळणं, तिसरीत तुमच्या नेहमीच्या वेगाने. तिसरीत वळणाच्या शेवटाकडे लक्ष द्या. स्की सुटते आणि पुढच्या वळणात सोडते का, की उताराला आडवं ओढत नेते? दुसरी तक्रार बोथट बाजूच्या कडेमुळे नव्हे, तर बहुधा तुमच्या वेगाला लहान पडणाऱ्या त्रिज्येमुळे किंवा खोलगट तळामुळे असते. एक जोडी दुपारी तीनच्या कुस्करलेल्या बर्फात चालवायचीच. सकाळच्या कॉर्डुरॉयवर सगळ्याच स्की छान वाटतात. मायरहोफनच्या हराकिरीसारख्या ७८ टक्के उतारावर मात्र चाचणी घेऊ नका. तिथे कुणी कार्व्ह करत नाही, उतरतं.

दुकानदार कधी बरोबर? तुमचा वळणातला वेग ३५ च्या खाली निघाला, किंवा तुमचे आवडते उतार अरुंद आणि गर्दीचे असतील, तर १६५ ची स्लालम बिनधास्त घ्या. दुबईत राहणाऱ्या आणि स्की दुबईत सराव करणाऱ्या मंडळींनाही हेच सांगेन; तिथला सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा आहे, जीएस तिथे उघडतच नाही. आणि सुट्टीत गुलमर्गला जायचा विचार असेल तर या स्की घरी ठेवा. अफरवटवर, जवळजवळ ४,००० मीटरवर, गोंडोला सोडतो तिथे पिस्ट नसते, भुसभुशीत खोल बर्फ असतो. ६८ ची स्की त्यात बुडते. तिथल्यासाठी ९५ ते १०५ कंबरेची भाड्याने घ्या.

बजेटचं: या वर्गातल्या नव्या स्कीची छापील किंमत बाइंडिंगसकट साधारण ८०० ते १,१०० युरो, श्टॉकली त्याहून वर. फेब्रुवारीच्या शेवटापासून किमती पडायला लागतात, आणि मागच्या हंगामाच्या स्कीत बऱ्याचदा फक्त वरचं चित्र वेगळं असतं. बूटही घ्यायचे असतील तर हजारात दोन्ही बसवायचा हाच मार्ग आहे. वापरलेली घेणार असाल तर आधी कडेची उंची बघा: नवी सुमारे दोन मिलिमीटर असते, एकाच्या खाली गेलेली घेऊ नका. भाड्याच्या ताफ्यातून आलेल्या स्की वारंवार घासलेल्या असतात, त्यांत हे हमखास सापडतं. मग दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. त्या टोकाजवळ आणि शेपटाजवळ टेकल्या पाहिजेत, मधे कमानीची सारखी फट. फट तिरकी असेल किंवा एकीची कमान बसलेली असेल तर आतला टायटानल पडण्यात वाकलाय, आणि तो परत सरळ होत नाही. शेवटी बाइंडिंगचं मॉडेल दुकानात दाखवा. जुन्या मॉडेलची जबाबदारी कंपनीने सोडली असेल तर दुकान त्याची सेटिंग करायला हात लावणार नाही, म्हणून भाव करताना नव्या बाइंडिंगचे दीड-दोनशे युरो आधीच वजा करून बोला.